स्वादुपिंडाची यंत्रसाहाय्यित शस्त्रक्रिया : उपद्रव टाळण्याचे तंत्र आणि दक्षता

शस्त्रक्रियेतील धोके मोजूनमापून तपासण्याच्या कामी हैदराबाद शहराचे नाव वैद्यकीय जगात प्रथम गाजले ते १८८८ व १८८९ या वर्षांत. क्लोरोफॉर्म दिलेला रुग्ण दगावतो तो हृदय थांबल्यामुळे की श्वास थांबल्यामुळे, या वादाचा निर्णय लावण्यासाठी रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने तेथे दोन आयोग नेमण्यात आले. खर्चाचा भार निजाम सरकारने उचलला. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या वतीने डॉ. लॉडर ब्रंटन लंडनहून आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन ‘लक्ष नाडीकडे नव्हे, श्वासाकडे ठेवावे’ असा निष्कर्ष जाहीर झाला. पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाही हृदय एकाएकी बंद पडू शकते. आयोगाचा निष्कर्ष अशा रीतीने अपुरा ठरला. परंतु धोका कोठे आहे हे मताने न ठरविता निरीक्षणाने ठरवावे, ही दृष्टी मात्र टिकून राहिली.

आज त्याच शहरात प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी या संस्थेने डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली पचनसंस्थेच्या व विशेषतः स्वादुपिंडाच्या विकारांवरील उपचारांत देशभर नाव मिळविले आहे. पंजागुट्टा येथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या शासकीय संस्थेतही २०२३ मध्ये रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्याची प्रणाली दाखल झाली. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी अवघड दुखणे निघाले की हैदराबाद गाठावयाचे, ही नांदेड, लातूर, हिंगोली, परभणी व धाराशिव भागांतील रीत मोडलेली नाही. असा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर आपल्या गावी परततो आणि पुढे काही त्रास झाल्यास प्रथम पोचतो तो जवळच्या ग्रामीण रुग्णालयात. म्हणूनच या शस्त्रक्रियेतील उपद्रव कोणते, ते टाळण्यासाठी शल्यचिकित्सक कोणते तंत्र वापरतात व आपल्या वाट्याला कोणते काम येते, याची माहिती सर्व वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांना असणे आवश्यक आहे.

१. स्वादुपिंड व त्यावरील शस्त्रक्रिया

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवी पसरलेली सुमारे १५ ते २० सेंटिमीटर लांबीची मऊ ग्रंथी होय. तिचे शीर्ष लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे आद्यांत्राच्या, वळणात बसलेले असते. पुच्छ डावीकडे प्लीहेपर्यंत पोचते. ग्रंथीतून दररोज एक ते दीड लिटर स्वादुरस स्रवतो. अन्नातील प्रथिने, स्निग्ध पदार्थ व पिष्ट पदार्थ पचविणारी विकरे त्यात असतात. हा रस आतड्यात असेपर्यंत उपकारक असतो. आतड्याबाहेर सांडल्यास मात्र तो शरीराच्याच ऊतकांचे पचन करू लागतो. या शस्त्रक्रियेतील बहुतेक संकटांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

ग्रंथीच्या शीर्षात, पित्तनलिकेच्या टोकाशी किंवा या दोहोंच्या आद्यांत्रातील मुखाशी गाठ झाल्यास शीर्ष, आद्यांत्र, पित्ताशय व पित्तनलिकेचा खालचा भाग एकत्र काढावा लागतो. त्यानंतर उरलेली ग्रंथी, पित्तनलिका व जठर ही तिन्ही लहान आतड्याला पुन्हा जोडावी लागतात. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला, म्हणून ती व्हिपल शस्त्रक्रिया या नावाने ओळखली जाते. त्यापूर्वी १९०९ मध्ये जर्मनीत काउश यांनी ती दोन टप्प्यांत केली होती. गाठ मध्यभागात अथवा पुच्छात असल्यास ग्रंथीचा डावा भाग काढला जातो. तेव्हा जोडणी करावी लागत नाही. परंतु कापलेले टोक बंद करावे लागते आणि त्यातूनही रस गळू शकतो.

२. उपद्रवांचे स्वरूप

पहिला व प्रमुख उपद्रव म्हणजे स्वादुरसाची गळती. पोटात ठेवलेल्या निचरा नळीतील द्रवात तिसऱ्या दिवशी अथवा नंतर अमायलेजचे प्रमाण रक्तातील सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक आढळले, तर गळतीचा संशय घेतात. आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २००५ मध्ये केलेली व २०१६ मध्ये सुधारलेली व्याख्या आज सर्वत्र वापरली जाते. तिच्यानुसार केवळ अमायलेज वाढले व रुग्णाला कोणताही त्रास नसला, तर ती फक्त प्रयोगशाळेतील गळती समजावी. उपचारांत बदल करावा लागला, नळी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठेवावी लागली किंवा साचलेला द्रव सुईने काढावा लागला, तर ती ‘ब’ श्रेणी. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, अवयव निकामी झाले किंवा मृत्यू ओढवला, तर ती ‘क’ श्रेणी. सर्वांनी एकच मोजपट्टी वापरल्यामुळे हैदराबाद, मुंबई वा हायडेलबर्ग येथील निष्कर्षांची तुलना आता करता येते.

दुसरा उपद्रव रक्तस्रावाचा. पहिल्या चोवीस तासांतील रक्तस्राव बहुधा एखादी गाठ सैल झाल्यामुळे होतो. उशिरा, आठवड्या-दोन आठवड्यांनी होणारा रक्तस्राव अधिक घातक असतो. कारण गळलेल्या रसाने रोहिणीची भिंत झिजून ती फुटलेली असते. तिसरा उपद्रव म्हणजे जठर रिकामे होण्यास लागणारा विलंब. तो सहसा प्राणघातक नसतो, तथापि रुग्णाचे पोषण व मनोधैर्य दोन्ही खचवितो. यांशिवाय पित्ताची गळती, पोटातील पू, जखमेतील जंतुसंसर्ग व न्यूमोनिया हेही संभवतात.

गळती कोणास होईल याचा अंदाज शस्त्रक्रियेच्या टेबलावरच करता येतो. २०१३ मध्ये कॅलरी व सहकाऱ्यांनी मांडलेल्या गुणपद्धतीत चार बाबी विचारात घेतात : ग्रंथी मऊ की टणक, स्वादुनलिकेचा व्यास, रोगाचा प्रकार आणि शस्त्रक्रियेत गेलेले रक्त. ग्रंथी जितकी मऊ व नलिका जितकी बारीक, तितका धोका अधिक. दीर्घकालीन दाहाने टणक झालेल्या ग्रंथीत टाका घट्ट बसतो. मऊ ग्रंथीत तोच टाका लोण्यातून दोरा ओढावा तसा ऊतक कापून बाहेर येतो. भारतात व्हिपल शस्त्रक्रिया होणाऱ्यांत पित्तमुखाजवळच्या गाठींचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. अशा रुग्णांची ग्रंथी पुष्कळदा मऊच असते, ही बाब येथील शल्यचिकित्सकांना ध्यानात ठेवावी लागते.

३. यंत्राने काय दिले व काय हिरावले

रोबोटसाठी रूढ असलेला ‘यंत्रमानव’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. हे यंत्र स्वतः होऊन काहीही करीत नाही. शल्यचिकित्सक काही अंतरावर बसून नियंत्रकाद्वारे हालचाल करतो आणि रुग्णाच्या पोटातील छोट्या छिद्रांतून गेलेले यांत्रिक हात तीच हालचाल लहान प्रमाणात करतात. इटलीतील ग्रोसेटो येथे ज्युलियानोत्ती यांनी २००१ च्या सुमारास अशा रीतीने स्वादुपिंडावरील मोठ्या शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला व २००३ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला.

यंत्रामुळे तीन गोष्टी साधल्या. दृश्य त्रिमितीय व मोठे दिसते. उपकरणाच्या टोकाला मनगटासारखी वळण्याची सोय असल्याने खोल व अरुंद जागीही बारीक सुई हव्या त्या कोनात फिरविता येते. हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो. दोन-तीन मिलिमीटरच्या नलिकेला टाके घालताना या तिन्हींचा उपयोग होतो. रक्त कमी जाते आणि पोटावर मोठा छेद नसल्याने वेदना व जखमेचे त्रास घटतात.

परंतु आजपर्यंत प्रचलित असलेल्या बहुतेक यंत्रांत स्पर्शज्ञान मिळत नाही. उघड्या शस्त्रक्रियेत दोरा किती ताणावा हे बोटांना कळते. येथे ते डोळ्यांनीच ओळखावे लागते. टाका आवळताना ऊतक पांढरे पडू लागले की थांबावयाचे, दोरा सरळ रेषेत येताच हात सैल करावयाचा, अशा दृश्य खुणांवर हात बसवावा लागतो. शिवाय मोठी रक्तवाहिनी फुटल्यास यांत्रिक हात सोडवून पोट उघडण्यास वेळ जातो. म्हणून यंत्र बाजूला करून पोट उघडण्याची कवायत सर्व पथकाने आधी करून ठेवावी लागते. पोट उघडावे लागणे हे अपयश मानू नये. उघडण्याचा निर्णय उशिरा घेणे हेच अपयश होय.

४. शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

उपद्रव टाळण्याचे पहिले काम शस्त्रक्रियागृहाबाहेर होते. रक्तवाहिन्यांच्या टप्प्यांनुसार काढलेल्या सी. टी. स्कॅनवरून गाठीचा मोठ्या रक्तवाहिन्यांशी असलेला संबंध पाहतात. यकृताच्या उजव्या भागाची रोहिणी काही व्यक्तींत नेहमीच्या जागेहून न निघता आतड्याच्या मुख्य रोहिणीपासून निघते व स्वादुपिंडाच्या शीर्षामागून जाते. हे आधी माहीत नसेल तर ती चुकून कापली जाण्याची भीती असते.

कावीळ असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या पित्तनलिकेत प्रथम नळी बसवावी, असा समज बराच काळ होता. नेदरलँड्समध्ये २०२ रुग्णांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तो खोडून काढला. नळी बसवून नंतर शस्त्रक्रिया केलेल्यांत गंभीर उपद्रव ७४ टक्के, तर थेट शस्त्रक्रिया केलेल्यांत ३९ टक्के आढळले. नळीवाटे जंतू पित्तमार्गात शिरतात, हे त्याचे एक प्रमुख कारण. यास्तव थंडी वाजून ताप येणे, कावीळ अतितीव्र असणे, किंवा शस्त्रक्रियेस अपरिहार्य विलंब असणे, अशा कारणांसाठीच नळी बसवावी, असे आता मानले जाते. रक्त गोठण्याचा दोष असल्यास के जीवनसत्त्व देणे, मधुमेह आटोक्यात आणणे, पोषण सुधारणे आणि तंबाखू व धूम्रपान सोडविणे, ही कामे मात्र रुग्ण मोठ्या केंद्रात पोचण्याआधीच सुरू करता येतात.

५. शस्त्रक्रियेतील तंत्र

(क) रक्तवाहिन्या मोकळ्या करणे. शीर्षाच्या मागे यकृताकडे जाणारी मोठी नीला व तिच्या डाव्या बाजूस आतड्याची मुख्य रोहिणी असते. दोन्हींना जोडलेल्या लहान लहान शाखा या शस्त्रक्रियेतील रक्तस्रावाचे ठिकाण होत. ओढाताण न करता प्रत्येक शाखा स्वतंत्रपणे दिसेपर्यंत मोकळी करणे व बांधून मगच कापणे, हा नियम आहे. अनेक शल्यचिकित्सक ग्रंथी कापण्याआधीच रोहिणीच्या बाजूने सुरुवात करतात. त्यामुळे गाठ काढण्याजोगी आहे की नाही हे परत फिरता येण्याजोग्या टप्प्यावर कळते आणि शीर्षात येणारे रक्त आधीच थांबते.

(ख) जठर व आद्यांत्राच्या रोहिणीचा खुंट. ही रोहिणी कापावीच लागते आणि उशिरा होणारा प्राणघातक रक्तस्राव पुष्कळदा तिच्याच खुंटातून होतो. कापण्यापूर्वी ती तात्पुरती दाबून यकृताच्या रोहिणीतील रक्तप्रवाह चालू राहतो याची खात्री करून घेतात. खुंट अगदी मुळाशी न ठेवता थोडा लांब ठेवतात, म्हणजे पुढे क्लिप निसटली अथवा भिंत झिजली तरी मुख्य रोहिणी वाचविण्यास जागा राहते. खुंटाला दोऱ्याची गाठ व क्लिप अशी दुहेरी सुरक्षा देतात. यकृताला पोटाच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याची पट्टी खुंटावर पांघरण्याची पद्धतही बऱ्याच ठिकाणी आहे. गळलेला रस आणि रोहिणी यांच्यामध्ये एक आडोसा असावा, हा तिचा हेतू.

(ग) ग्रंथी कापणे. उष्णतेवर चालणाऱ्या उपकरणाने ग्रंथी कापल्यास रक्त कमी जाते. परंतु स्वादुनलिकेवर उष्णता लागली तर तिचे तोंड मिटते किंवा जळते व पुढील जोडणी अवघड होते. म्हणून नलिकेच्या आसपासचा भाग साध्या कात्रीने कापतात. कापलेल्या कडेला रक्तपुरवठा चांगला आहे ना, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे. निर्जीव कडेवर घातलेला सुबक टाका टिकत नाही.

(घ) ग्रंथी व आतड्याची जोडणी. शस्त्रक्रियेचे यशापयश येथे ठरते. आतड्याला नलिकेच्या मापाचे छोटे छिद्र करून नलिकेची कड आतड्याच्या अस्तराला सहा ते आठ बारीक टाक्यांनी जोडतात. त्याभोवती ग्रंथी व आतड्याची बाहेरची भिंत यांना जोडणारे दुसरे आवरण देतात. ब्लमगार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत बाहेरचे टाके ग्रंथीच्या पूर्ण जाडीतून आरपार नेऊन ‘यू’ आकारात परत आणतात. त्यामुळे ताण एका बिंदूवर न येता पसरतो व मऊ ग्रंथी कापली जात नाही. यांत्रिक हातांनी काम करताना दोऱ्यांची लांबी आधीच ठरवून घेणे, सर्व टाके प्रथम घालून नंतर क्रमाने आवळणे आणि दोरा उपकरणाच्या जबड्यात चिरडू न देणे, ही पथ्ये पाळावी लागतात. नलिका फार बारीक असेल तर तीत पातळ नळी ठेवून रस शरीराबाहेर काढण्याचा मार्गही आहे. हाँगकाँगमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बाहेर काढलेल्या नळीने गळतीचे प्रमाण २० टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

ग्रंथी जठराला जोडावी की आतड्याला, एका प्रकारचे टाके बरे की दुसऱ्या प्रकारचे, यांवर पुष्कळ चाचण्या झाल्या. परंतु सर्वांना सर्वकाळ लागू पडेल अशी एकच पद्धत सिद्ध झालेली नाही. एक पद्धत निवडून ती पुनःपुन्हा त्याच रीतीने करणे, आणि आपल्या परिणामांची नोंद ठेवणे, यालाच जाणकार अधिक महत्त्व देतात.

(च) पुच्छाकडील शस्त्रक्रिया. येथे ग्रंथी बहुधा स्टेपलरने बंद करतात. दाब एकदम न देता काही मिनिटे हळूहळू दिल्यास मऊ ऊतक चिरडत नाही. हाताने टाके घालणे व स्टेपलर वापरणे यांत गळतीच्या दृष्टीने फरक नाही, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत आढळले. रोग साधा असल्यास प्लीहा वाचविण्याचा प्रयत्न करतात. ती काढावीच लागणार असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे द्याव्यात.

६. शस्त्रक्रियेनंतरची दक्षता

निचरा नळी ही पोटातील घडामोडींची खिडकी होय. पण ती अनावश्यक काळ राहिल्यास तिच्यावाटेच जंतू आत जातात. इटलीतील व्हेरोना येथील अभ्यासात (२०१०) पहिल्या दिवशी द्रवातील अमायलेज ५,००० एककांपर्यंतच असलेल्या रुग्णांची नळी तिसऱ्या दिवशी काढली असता गळती व इतर उपद्रव कमी झाले. म्हणून पहिल्या व तिसऱ्या दिवशी द्रवाची तपासणी करून नळीचा निर्णय घ्यावा, असा प्रघात पडला आहे.

याहून महत्त्वाचा धडा नेदरलँड्सने २०२२ मध्ये दिला. तेथे १७ केंद्रांतील १,७४८ रुग्णांवर एक साधी कार्यपद्धती क्रमाक्रमाने लागू करण्यात आली. रुग्णाची स्थिती, रक्तातील दाहदर्शक घटक व नळीतील द्रव यांची दररोज ठरावीक नोंद घ्यावयाची. मर्यादा ओलांडताच सी. टी. स्कॅन करावयाचा; साचलेला द्रव सुईच्या मार्गाने काढावयाचा; प्रतिजैविके केव्हा सुरू व बंद करावयाची हेही ठरलेले. रक्तस्राव, अवयव निकामी होणे वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणि नव्वद दिवसांतील मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. येथे नवे यंत्र नव्हते, नवा टाका नव्हता. होती ती केवळ गळती लवकर ओळखण्याची शिस्त. वॉर्डातील तक्ता नियमित भरणारी परिचारिका व तो वाचणारा निवासी डॉक्टर यांचे काम शल्यचिकित्सकाच्या कामाइतकेच प्राण वाचविणारे आहे, हे या आकड्यांवरून दिसून येते.

७. अनुभवाचे मोल

यंत्र विकत घेता येते. अनुभव विकत घेता येत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे यंत्राने केलेल्या सलग दोनशे व्हिपल शस्त्रक्रियांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तस्राव व पोट उघडावे लागण्याचे प्रमाण वीस शस्त्रक्रियांनंतर, गळतीचे प्रमाण चाळीस शस्त्रक्रियांनंतर व लागणारा वेळ ऐंशी शस्त्रक्रियांनंतर सुधारला. याचा अर्थ असा की, शिकण्याच्या काळातील जादा धोका कोणा तरी रुग्णाने सोसलेला असतो. तो कमी करण्यासाठी नमुन्यांवर टाके घालण्याचा सराव, अनुभवी शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने काम आणि आरंभी सोप्या रुग्णांची निवड, हे उपाय योजावे लागतात.

दुर्बिणीतून केलेल्या व्हिपल शस्त्रक्रियेचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. कोइम्बतूर येथे डॉ. सी. पलनीवेलू यांच्या पथकाने ६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२०१७) रुग्णालयातील मुक्काम १३ दिवसांवरून ७ दिवसांवर आला. त्याच प्रकारची चाचणी नेदरलँड्समध्ये मात्र मध्येच थांबवावी लागली. कारण दुर्बिणीच्या गटातील ५० पैकी ५ रुग्ण उपद्रवांमुळे दगावले, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटातील ४९ पैकी एकच. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रसाहाय्यित व उघड्या शस्त्रक्रियेची तुलना करणाऱ्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत अनुभवी हातांत मुक्काम सुमारे दोन दिवसांनी घटला. उपद्रवांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. तेव्हा, यंत्र वापरले म्हणजे उपद्रव आपोआप टळले, असे आजच्या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

उलट, केंद्रातील शस्त्रक्रियांची संख्या व मृत्युप्रमाण यांचा संबंध निःसंदिग्ध आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचे मृत्युप्रमाण अगदी थोड्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के, तर सर्वाधिक करणाऱ्यांत ३.८ टक्के होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आपल्या सुमारे दोन दशकांच्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा सुधारणेचे श्रेय त्यांनीही सेवेच्या फेररचनेला दिले. रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘तेथे रोबोट आहे का?’ असे विचारल्यास, ‘तेथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात व रात्री रक्तस्राव झाल्यास क्ष-किरण विभागातून रोहिणी बंद करण्याची सोय आहे का, हे आधी विचारा’ असा सल्ला देणे अधिक हिताचे ठरेल.

८. ग्रामीण रुग्णालयातील कार्य

समजा, देगलूर भागातील एखादा पंचावन्न वर्षांचा शेतकरी खाज, पांढुरकी शौच व वाढती कावीळ घेऊन आला. पोटात दुखत नाही म्हणून तो दोन महिने झाडपाल्यावर काढतो, तोवर गाठ काढण्याजोगी राहीलच असे नाही. वेदनारहित वाढती कावीळ, वजनातील घट व उतारवयात एकाएकी उद्भवलेला मधुमेह ही लक्षणे आढळताच सोनोग्राफी करून रुग्णास विलंब न लावता मोठ्या केंद्राकडे धाडावे.

तोच रुग्ण हैदराबादेहून शस्त्रक्रिया करून तिसऱ्या आठवड्यात परत आला, तर पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

(१) नळीतून अथवा शौचावाटे थोडेसेही ताजे रक्त आले, किंवा रक्ताची उलटी झाली, तर ती मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना समजावी. रक्त आपोआप थांबले तरी रुग्णास घरी पाठवू नये. शिरेवाटे द्रव सुरू करून, रक्तगट तपासून, ज्या केंद्रात शस्त्रक्रिया झाली तेथे दूरध्वनी करावा व रुग्णवाहिकेने तातडीने पाठवावे. रोहिणीचे चित्र घेऊन ती आतून बंद करण्यास मिळणारा अवधी काही तासांचाच असतो.

(२) ताप, नाडीचे वाढलेले ठोके, पोटफुगी किंवा नळीतील द्रव गढूळ होणे, ही आत पू साचल्याची लक्षणे असू शकतात. केवळ गोळ्या बदलून वाट पाहू नये.

(३) नळी आपल्या मनाने काढू नये. दररोजचे द्रवाचे माप व रंग वहीत लिहिण्यास घरच्या माणसांना शिकवावे.

(४) शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त व पाण्यावर तरंगणारे असेल तर विकरे कमी पडत आहेत असे समजावे. विकरांच्या कॅप्सूल जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात, जेवणानंतर तासाभराने नव्हे. रक्तातील साखरही नियमितपणे पाहावी.

(५) प्लीहा काढलेल्या रुग्णास ताप आल्यास तो किरकोळ मानू नये.

समारोप

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या हैदराबादच्या आयोगाने एका ठिकाणी नजर खिळवली आणि दुसऱ्या ठिकाणचा धोका नजरेआड झाला. यंत्रसाहाय्यित शस्त्रक्रियेच्या बाबतीतही तीच चूक होऊ शकते. यंत्राच्या नावीन्याकडे लक्ष लागून मऊ ग्रंथी, बारीक नलिका, रोहिणीचा खुंट व पाचव्या दिवसाचा ताप या जुन्याच गोष्टी दुर्लक्षिल्या जाऊ नयेत. योग्य वेळी धाडलेला रुग्ण, पुरेसा सराव असलेले हात, ताण न देता घातलेला टाका आणि घरी परतल्यावरही जागी असलेली नजर, या साखळीतील एकही कडी निखळली तर उरलेल्यांचे श्रम वाया जातात. त्या साखळीची पहिली व शेवटची कडी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आहे, याचे भान प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने ठेवणे अगत्याचे आहे.